परमुलखातील मनस्तापाचे मोल

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या उद्योगपट्ट्यात मोजमापाला जो मान आहे, तो महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळेल. येथील कारखान्यांत केसाएवढ्या फरकासाठी सुटे भाग नाकारले जातात. मायक्रोमीटरने ‘नाही’ म्हटले की वरिष्ठांचा शब्दही चालत नाही. नाकारलेला माल, त्याचे कारण आणि त्याची भरपाई या तिन्ही गोष्टी कागदावर येतात. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून पुढे टेल्को, बजाज ऑटो, चिंचवडची एसकेएफ, दापोडीची सँडविक, पिंपरीची केएसबी अशा कारखान्यांनी ही शिस्त दोन-तीन पिढ्यांच्या अंगी मुरवली. नव्वदच्या दशकात टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात मर्सिडीज-बेंझच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या आणि २००९ साली मर्सिडीज-बेंझ व फोक्सवॅगन यांचे कारखाने चाकण परिसरात उभे राहिले. तेव्हा तर जर्मन काटेकोरपणा हा येथील नित्याच्या बोलण्यातला शब्द झाला.

परंतु हाच माणूस मालाचा तपासनीस न राहता सेवेचा ग्राहक होतो, तेव्हा ही सारी शिस्त तो कारखान्याच्या फाटकावरच ठेवून येतो की काय, असा प्रश्न पडतो. परदेशातील सहल आणि तेथील हॉटेलचा मुक्काम हे त्याचे बोलके उदाहरण होय.

एक उदाहरण गृहीत धरू. निगडी प्राधिकरणातील एक दांपत्य. पती चिंचवडच्या एका कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले, पत्नी माध्यमिक शाळेतील शिक्षिका. भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम आणि वर्षानुवर्षे बाजूला टाकलेली पुंजी यांतून आयुष्यात एकदा युरोप पाहायचा, असे ते ठरवतात. माहितीपत्रकात ‘शहराच्या मध्यवर्ती भागातील तीन तारांकित हॉटेल’, ‘सर्व सोयींनी युक्त खोली’ आणि ‘शाकाहारी न्याहारीची व्यवस्था’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात बस रात्री साडेदहाला थांबते ती शहराबाहेर, महामार्गालगतच्या एका इमारतीपुढे. खोली वेळेवर मिळत नाही. मिळते तिच्यातील गरम हवेचे यंत्र बंद असते. स्वागतकक्षातील तरुण सांगतो, ‘तुमच्या एजंटाने हेच आरक्षण केले आहे.’ सहलीचा व्यवस्थापक म्हणतो, ‘काका, आजची रात्र काढा, उद्या पाहू.’ उद्या पुढच्या गावी निघायचे असते. न्याहारीला पाव, लोणी आणि गार दूध. अशा तीन-चार रात्री जातात.

शेवटच्या दिवशी बसमध्ये अभिप्रायाचा कागद फिरतो. ज्या गृहस्थांनी तीस वर्षे सुतासारख्या फरकासाठी माल परत पाठवला, तेच ‘निवास’ या शब्दापुढे ‘उत्तम’ असे लिहितात आणि सही करतात. ‘आता सहल संपली, कशाला कटुता?’ असे ते पत्नीला म्हणतात. हे दांपत्य कल्पनेतले असले, तरी असा कागद भरून दिलेली माणसे शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार

हे मौन केवळ भिडेचे नसते. त्यामागे काही व्यावहारिक कारणेही असतात. परक्या देशात भाषा अपुरी पडते. ठरावीक दिवसांचा व्हिसा हातात असतो. गटातून मागे राहिलो तर काय, ही धास्ती असते. पैसे आगाऊ दिलेले असतात. म्हणजे हातातील एकमेव शस्त्र निघण्यापूर्वीच म्यान झालेले असते. स्थानिक न्यायालयात जाण्याचा विचारही अशक्य. अशा स्थितीत अडला हरी काय करणार, हे सांगायला नको.

परंतु परत आल्यावरही मौन सुटत नाही, आणि येथे मात्र कारण निराळे असते. परदेशवारी ही मध्यमवर्गीय कुटुंबात अद्याप प्रतिष्ठेची बाब आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा विलायत ही बहुतेक मराठी वाचकांना पुस्तकातूनच भेटणारी गोष्ट होती. आज ती बँकेच्या हप्त्यांवर मिळते. पण तिच्याभोवतीचे अप्रूप पूर्णपणे ओसरलेले नाही. ज्या सहलीची छायाचित्रे आप्तेष्टांना दाखवायची, तिथे आपली फसगत झाली हे कबूल करणे म्हणजे स्वतःचाच कमीपणा, असे वाटते. दुरून डोंगर साजरे हे ठाऊक असूनही जवळून पाहिलेला डोंगर साजराच होता, असे सांगणे भाग पडते. सेवा देणाऱ्याच्या उणिवेवर अशा रीतीने घेणाऱ्याची प्रतिष्ठाच पांघरूण घालते.

याहून खोल असा एक समज आहे. तुटलेली वस्तू दाखवता येते. गेलेली रात्र कशी दाखवणार? थंडीत कुडकुडत काढलेल्या रात्रीची किंमत किती? मनस्ताप मोजायचा कोणत्या मापाने? ज्याचे माप नाही त्याची भरपाईही नाही, हा तो समज. वरवर तो तर्कशुद्ध वाटतो. वस्तुतः तो फार जुना आणि जगात अन्यत्र मोडीत निघालेला आहे.

पंधरा दिवसांच्या रजेचा खटला

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून न्यायालये असे मानत आली होती, की करारभंगामुळे झालेल्या निव्वळ मनस्तापाबद्दल नुकसानभरपाई देता येत नाही. या मताला सुरुंग लावला तो एका साध्या नोकरदाराने. स्थानिक स्वराज्य संस्थेत काम करणाऱ्या या वकिलाला वर्षाला पंधरवड्याची रजा मिळे. १९६९ सालच्या नाताळात त्याने ६३ पौंड ४५ पेन्स भरून स्वित्झर्लंडमधील एका डोंगराळ गावातील हॉटेलात पंधरा दिवसांचा मुक्काम ठरवला. माहितीपत्रकात घरगुती मेळाव्यासारखे वातावरण, स्वागतसमारंभ, दुपारचा चहा-केक, स्थानिक गायकाची मैफल, इंग्रजी बोलणारा यजमान आणि खुले मद्यगृह अशी आश्वासने होती. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात तेथे तेराच पाहुणे होते आणि दुसऱ्या आठवड्यात तो एकटाच उरला. यजमानाला इंग्रजी येत नव्हते. चहाबरोबर बटाट्याचे काप आणि सुके केक आले. मैफलीचा गायक कामावरच्या कपड्यांत आला आणि चार-पाच गाणी घाईने म्हणून निघून गेला. मद्यगृह एकाच संध्याकाळी उघडले.

कनिष्ठ न्यायालयाने त्याला निम्मे पैसे, म्हणजे ३१ पौंड ७२ पेन्स देवविले. तो थांबला नाही. ‘जार्व्हिस विरुद्ध स्वान्स टूर्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या खटल्यात १९७२ साली लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने भरपाई १२५ पौंडांवर नेली. ही रक्कम त्याने भरलेल्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट होती. या निकालाचे मर्म असे, की सहल विकणारा केवळ पलंग आणि जेवण विकत नाही, तो आनंद विकतो. तो आनंद दिला नाही, तर त्याची किंमत त्याने मोजली पाहिजे. वर्षभर राबणाऱ्या माणसाची पंधरा दिवसांची रजा एकदा वाया गेली की ती परत मिळत नाही, हे न्यायालयाने ओळखले.

पुढे युरोपने या विचाराला कायद्याचे रूप दिले. जर्मनीने १९७९ साली आपल्या दिवाणी संहितेत सहल-कराराची स्वतंत्र कलमे घातली. १९९० साली युरोपीय समुदायाने एकत्रित सहलींविषयी निर्देश काढला आणि २०१५ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. हॉटेल कोणाचेही असो, बस कोणाचीही असो, ज्याने एकत्रित सहल विकली तोच प्रवाशाला उत्तरदायी, हे त्यांतील मूळ सूत्र होय. तुर्कस्तानातील एका विश्रामस्थळी अन्नातून विषबाधा झालेल्या दहा वर्षांच्या ऑस्ट्रियन मुलीच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले, की सुटीचा आनंद हिरावला जाणे हेही भरपाईस पात्र असलेले नुकसान आहे.

गार जेवणाला दहा टक्के

तरीही माप कोणते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पुन्हा जर्मनांनीच दिले, आणि ते या उद्योगपट्ट्यातील वाचकाला विशेष भावेल असे आहे. सहलीविषयक तक्रारींचे ढीग साचल्यावर फ्रांकफुर्टच्या न्यायालयाच्या एका दिवाणी खंडपीठाने आपल्या निकालांतून एक कोष्टक तयार केले. १९८५ साली प्रसिद्ध झालेले हे ‘फ्रांकफुर्ट कोष्टक’ म्हणजे मनस्तापाची मोजपट्टीच होय. आश्वासन दिलेला सज्जा नसेल तर सहलीच्या किमतीत पाच ते दहा टक्के घट. गरम पाणी नसेल तर पंधरा टक्के. रात्रीचा गोंगाट दहा ते चाळीस टक्के. रोज तेच ते जेवण असेल तर पाच टक्के, जेवण पुरेसे गरम नसेल तर दहा टक्के, नासलेले असेल तर वीस ते तीस टक्के. खोलीत कीटकांचा उपद्रव असेल तर त्याच्या तीव्रतेप्रमाणे दहा ते पन्नास टक्के.

हे कोष्टक अन्य न्यायालयांवर बंधनकारक नाही आणि त्यातील आकड्यांविषयी मतभेदही झाले. परंतु त्याने एक मोठी गोष्ट केली. ‘फार वाईट वाटले’ या मोघम वाक्याचे रूपांतर त्याने ‘अमुक उणीव, तमुक टक्के’ अशा नेमक्या विधानात केले. त्यामुळे प्रवाशाला आपली मागणी कळली आणि सहल विकणाऱ्याला आपली जोखीमही. दोघांना आकडा ठाऊक असला की निम्मी भांडणे न्यायालयाबाहेरच मिटू शकतात. कारखान्यात सुट्या भागाला जशी मान्य फरकाची मर्यादा असते, तशीच ही सेवेची मर्यादा.

आपल्याकडे काय आहे?

भारतात अशा धर्तीचा स्वतंत्र सहल-करार कायदा नाही. परदेशी सहलीच्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२० पासून सरकारने उगमस्थानी करवसुली सुरू केली. म्हणजे सहलीतील पैशाची दखल घेतली गेली, सहलीतील गाऱ्हाण्याची मात्र स्वतंत्रपणे घेतली गेली नाही. तथापि, ग्राहक अगदीच निःशस्त्र आहे असे समजण्याचे कारण नाही. किंबहुना, ग्राहकाच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेचा पाया याच पुणे परिसरात घातला गेला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आज राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

मनस्तापाची भरपाई ही कल्पनाही आपल्या न्यायव्यवस्थेला परकी नाही. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ‘भरपाई’ या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे सांगून ग्राहकाला झालेला मानसिक त्रासही तीत येतो, असा निर्वाळा दिला. त्या जुन्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने परदेशी जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने एक अत्यंत मोलाची तरतूद केली. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडे त्याला दाद मागता येते. उणीव परदेशातील हॉटेलात घडली असेल, सहल विकणाऱ्याचे मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असेल. तरीही निगडीच्या किंवा चाकणच्या रहिवाशाला पुणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील नेमलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, हे विसरून चालणार नाही.

सहल विकणाऱ्याचा ठरलेला बचाव असा असतो, की ‘आम्ही केवळ मध्यस्थ; हॉटेलच्या वागणुकीला आम्ही जबाबदार नाही’ आणि हे कलम करारपत्राच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते. परंतु ज्याने हॉटेल निवडले, ज्याने त्याचे वर्णन छापले आणि ज्याने पैसे घेतले, त्याने केवळ एक वाक्य छापून नामानिराळे व्हावे काय? दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित करार या दोन्ही कल्पना २०१९ च्या कायद्यात स्पष्टपणे आल्या आहेत. अनुचित कराराविरुद्धची तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे न करता राज्य आयोगाकडे न्यावी लागते, एवढा फरक लक्षात ठेवला पाहिजे. आयोगाच्या कामात विलंब होतो, हीही वस्तुस्थिती आहे. तपासणीची गरज नसलेल्या प्रकरणांत तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात तारखा पडतच राहतात. पण दार उशिरा उघडते म्हणून ते कधी ठोठावूच नये, हा युक्तिवाद कारखान्यातील कोणताही तपासनीस मान्य करणार नाही.

दुसरी बाजू

अर्थात प्रत्येक निराशा ही फसवणूक नव्हे. युरोपातील जुन्या इमारतींत खोल्या लहान असतात, सर्वत्र उद्वाहक नसतो, थंड प्रदेशांतील पुष्कळ हॉटेलांत वातानुकूलनही नसते. दुपारी दोन-तीनच्या आधी खोली न मिळणे हा तेथील सर्वमान्य रिवाज आहे. तारांकनाचे निकषही सर्व देशांत एकसारखे नाहीत. ज्याचे आश्वासन दिलेले नव्हते, त्याच्या अभावाचा दोष कोणावर ठेवता येत नाही. शिवाय सर्वांत स्वस्त सहल शोधायची, पुन्हा तीत घासाघीस करायची आणि मग हॉटेल गावाबाहेर निघाले म्हणून संतापायचे, हेही न्याय्य नव्हे. किमतीचा काही भार किमतीवर अडून बसणाऱ्यानेही उचलला पाहिजे.

तक्रार कोणाविरुद्ध करायची, याचाही विवेक हवा. रात्री अकराला स्वागतकक्षात उभा असलेला तरुण किंवा सकाळी चादरी बदलणारी बाई यांनी ते आरक्षण केलेले नसते. अनेकदा तीही दुसऱ्या देशातून पोटासाठी आलेली माणसे असतात. त्यांच्यावर आवाज चढवणे सोपे. ज्याने पैसे घेतले त्याला शांतपणे पत्र लिहिणे कठीण. आपल्याकडे बहुधा पहिले घडते आणि दुसरे राहून जाते.

आणि पाहुणचाराचे हे माप एकतर्फी असू शकत नाही. या पट्ट्यात जर्मनी, जपान, कोरिया येथील अभियंते कामासाठी येतात. चाकण-तळेगाव परिसरातील हॉटेलांत ते राहतात आणि आपल्याविषयीचे मत घेऊन परत जातात. त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ येथून आलेले तरुण कॉट बेसिसवर एका खोलीत दाटीवाटीने झोपतात. तेही भाडे मोजतात, म्हणजे तेही ग्राहकच आहेत. पॅरिसच्या हॉटेलातील बंद यंत्राबद्दल रागावणाऱ्या घरमालकाने आपल्या भाडेकरूच्या नळाला पाणी येते की नाही, हेही पाहिलेले बरे.

करायचे काय?

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलचे नाव, त्याचा पत्ता आणि शहराच्या केंद्रापासूनचे अंतर लेखी मागावे; ‘अथवा तत्सम’ या दोन शब्दांचा अर्थ विचारावा. उणीव दिसताच त्याच दिवशी व्यवस्थापकाला लेखी कळवावे, त्याची पोच घ्यावी, छायाचित्र काढून ठेवावे. दुरुस्तीची संधी न देता परत आल्यावर केलेली तक्रार दुबळी ठरते. परतल्यावर तारीखवार हकिगत लिहून सहल विकणाऱ्याला नोटीस द्यावी. ती निष्फळ ठरली तरच आयोगाकडे जावे. एका गटातील वीस कुटुंबांचे गाऱ्हाणे एकच असेल, तर त्यांनी एकत्र यावे. येथील कामगार चळवळीने एकजुटीचा हा धडा फार पूर्वीच दिलेला आहे.

परंतु हे झाले व्यक्तीपुरते. ग्राहक संघटना, विधी महाविद्यालये आणि आयोगाचे निवृत्त सदस्य यांनी आजवरच्या निकालांच्या आधारे फ्रांकफुर्टसारखे एखादे मराठी कोष्टक तयार करणे अशक्य नाही. ते बंधनकारक नसले तरी चालेल. शिक्षकाला, लिपिकाला, निवृत्त कामगाराला आपली मागणी किती, हे त्यावरून कळेल. सहल आयोजकच संपूर्ण सहलीला उत्तरदायी, असे एका वाक्याचे कलम कायद्यात यावे, ही मागणीही अवाजवी नाही.

आयुष्याची पुंजी एकदाच खर्च करून माणूस परदेश पाहायला जातो. त्याने मोजलेले पैसे कदाचित पुन्हा जमतील. ते दिवस मात्र पुन्हा येत नाहीत. म्हणूनच बसमध्ये फिरणारा तो अभिप्रायाचा कागद क्षुल्लक नाही. तीस वर्षे मालावर खरा शेरा लिहिणाऱ्या हाताने तेथेही खराच शेरा लिहावा, यात कटुता कसली? नाकारलेला भाग परत गेला म्हणून चिंचवडचा कोणताही कारखाना बंद पडला नाही. उलट, पुढचा माल सुधारून आला.